आज किती?

आमची पहिली भेट जिन्यात झाली, आणि तीसुद्धा धडकून. भर दुपारी, घामाने निथळत, स्टीलचा डबा छातीशी धरून मी खाली उतरत होते आणि तो अवजारांची पिशवी घेऊन वर चढत होता. वळणावर डबा पिशवीवर आपटला, झाकण उडालं, आणि आतली इंजेक्शनची एक बाटली टण् टण् करत पायऱ्या उतरायला लागली. तिसऱ्या पायरीवर त्याने ती झेलली.

"हे थंड ठेवायचं असतं," बाटलीवरचा कागद वाचून तो म्हणाला.

"हो का? मी आपली हवा खायला नेत होते त्यांना."

त्याने वर बघितलं आणि हसला. मी दात बनवते. म्हणजे कवळ्या. एका डेंटल लॅबमध्ये दिवसभर मेण आणि प्लास्टरशी माझी झटापट चालते. त्यामुळे माणूस भेटला की माझं लक्ष आधी त्याच्या तोंडात जातं. त्याचा डावीकडचा सुळा जरासा पुढे आलेला होता. सुधारता आला असता, पण सुधारू नये असा होता.

"फ्रिज बंद पडलाय?" त्याने विचारलं.

"सकाळपासून. खालच्या काकूंच्या फ्रिजमध्ये ठेवायला चाललेय."

"मी वरच्या मजल्यावर फ्रिजच बघायला आलोय. पण..." त्याने बाटली जपून डब्यात ठेवली. "त्यांचं नुसतं आईस्क्रीम वितळतंय. ते थांबतील."

असा तो आमच्या स्वयंपाकघरात आला. पाऊण तास फ्रिजच्या मागे पालथा पडून काहीतरी खुडबुड करत राहिला. फ्रिज गुरगुरायला लागल्यावर आईचा जीव भांड्यात पडला.

"थोडा अजून थंड करून देतो," तो उत्साहाने म्हणाला. "म्हणजे औषधाची काळजीच नको."

"नको!" आई एवढ्या जोरात ओरडली की त्याच्या हातातला पाना खाली पडला. मग तिचं तिलाच ओशाळल्यासारखं झालं. "पाच अंशांवर ठेवा. त्याच्या खाली नको."

बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायचं काम आई कुणाला करू द्यायची नाही. मलासुद्धा नाही. जुन्या टॉवेलच्या फडक्यात गुंडाळून, दाराच्या कप्प्यात, रोज दोनदा चाचपून. मला अकराव्या वर्षी मधुमेह झाला, म्हणजे दिवसातून चार वेळा टोचून घ्यायचा, जन्मभराचा. तेव्हापासून सतरा वर्षं मी आईचं हे बघत होते आणि तिची टरही उडवत होते. आणखी एक खोड होती तिची. रोज पहाटे उठून माझ्या कपाळाला हात लावून बघायची, घाम आलाय का म्हणून. शुगर उतरली की झोपेत घाम फुटतो ना. घड्याळ चुकेल, पण तो हात चुकायचा नाही.

जाताना त्याने पिशवीतून एक छोटा थर्मामीटर काढला आणि फ्रिजच्या आत चिकटवला. "रोज बघत जा. काही वाटलं तर फोन करा."

"आणि काही वाटलं नाही तर?"

तो दारात थबकला. "तर... तसा करा."

पुढच्या दोन महिन्यांत आमचा फ्रिज तपासायला तो सहा वेळा आला. "त्या फ्रिजला काय धाड भरलीये?" असं आईने चौथ्या वेळी विचारलं. पाचव्या वेळी तिने न विचारताच दोन कप चहा टाकला, एक बिनसाखरेचा.

"तुम्ही बनवता ते दात खायचे असतात की दाखवायचे?" त्याने एकदा विचारलं.

"हत्ती आला तर वेगवेगळे बनवीन. माणसांना एकच संच."

"मला लागतील तेव्हा तुम्हीच बनवाल?"

"तोपर्यंत थांबणार आहात?"

तो कान लाल होईपर्यंत लाजला आणि फ्रिजचा दरवाजा उघडून उगाचच आत बघत बसला. त्या दिवसापासून तो मला 'बत्तिशी' म्हणायला लागला आणि 'तुम्ही' कधी गळून पडलं ते कळलंच नाही.

त्याच्याबाबतीत एक सोयीचं होतं. इतरांना माझा आजार सांगायला मला धीर गोळा करावा लागायचा. दोन स्थळं त्याच्यावरूनच मोडली होती. एकाची आई तर उठता उठता म्हणाली, "मुलगी गोड आहे हो... पण फारच गोड निघाली." याने मात्र बाटली झेलूनच ओळख करून घेतली होती. त्यामुळे लपवायला काही उरलंच नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

आमचा एक रिवाज पडून गेला. रोज संध्याकाळी सहाला त्याचा फोन यायचा. "आज किती?" मी दोन आकडे सांगायची, आधी फ्रिजचा, मग माझा. "फ्रिज पाच, मी एकशे वीस." तो "शाब्बास" म्हणायचा. फ्रिजला की मला, ते सांगायचा नाही.

मग त्याला परदेशातली नोकरी लागली. बंदराजवळच्या शीतगृहात. ते सांगायला तो मला बसस्टॉपवर भेटला. पाऊस बारीक पडत होता आणि आमच्या दोन बस आम्ही मुद्दाम सोडून दिल्या होत्या.

"अख्खं गोदामच फ्रिज आहे," तो म्हणाला. "माणसं आत कोट घालून फिरतात."

"मग जा. गोठ."

"एकटाच गोठू?"

मी छत्रीच्या टोकाने चिखलात रेघा मारत राहिले. तिसरी बस आली आणि गेली. "आधी फ्रिजचा आकडा विचारायचा की माझा, तेवढं ठरव," मी म्हणाले, "मग बघू." माझा होकार तो एवढाच.

एक वर्ष फोनवर गेलं. मग माझे व्हिसाचे कागद झाले. नियम असा होता की तिथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत लग्न करायचं, नाहीतर परत फिरायचं. आणि खरी मेख पुढे होती. तिथे माझं औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, चिठ्ठी तिथल्या आरोग्य विम्याच्या कार्डाशिवाय मिळत नाही, आणि कार्ड लग्नाशिवाय नाही. म्हणून चार महिन्यांचं औषध बरोबर न्यायचं ठरलं.

आईचा विरोध आरडाओरड्याचा नव्हता. ती फक्त म्हणाली, "पहाटे तुला कोण बघणार?"

"तो बघेल."

"त्याला काय कळतंय!"

"आई, थंडीचं त्याच्याइतकं कुणालाच कळत नाही."

प्रवासासाठी त्याने तिथून एक पेटी पाठवली. स्वतःच्या हाताने बनवलेली, आत जाड फोम, चारी बाजूंनी बर्फाच्या पट्ट्या सरकवायला खाचा. पट्ट्याही त्याच्याच शीतगृहातल्या. "फ्रीजर सगळ्यात थंडवर कर आणि दोन दिवस आत ठेव," त्याने फोनवर बजावलं. "तीस तासांचा प्रवास आहे. वाटेत एक अंशही गरम होता कामा नये."

निघायच्या दिवशी आईने सगळ्या बाटल्या टॉवेलच्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवल्या. फडकं चारी बाजूंनी नीट खोचलं. विमानतळावर मी त्याला फोन केला तेव्हा हे सांगून हसले.

तो हसला नाही. "फडकं काढ, बत्तिशी. मध्ये कापड आलं की थंडी पोचत नाही."

मी प्रसाधनगृहात जाऊन फडकं काढलं आणि घडी करून पर्समध्ये टाकलं. बाहेर काचेपलीकडे आई अजून उभी होती. मी हात हलवला. तिने पेटीकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. मी मान डोलावली.

त्या शहरात धुकं होतं. दुपारीही दिवे लावलेले. त्याने मला मिठी मारली तेव्हा त्याच्या कोटाला मासळीचा आणि लोखंडाचा वास येत होता, आणि एका वर्षानंतरही सुळा आधी हसला. चांभाराच्या दुकानावरच्या दोन खोल्या त्याने माझ्यासाठी आवरून ठेवल्या होत्या. लग्न होईपर्यंत तो सहकाऱ्याकडे झोपणार होता. खोलीत नवा छोटा फ्रिज होता आणि आत तसाच थर्मामीटर, पाचावर.

"तुझ्या आईला वाटतंय तू इथे आजारी पडशील," तो म्हणाला. "आपण दाखवून देऊ त्यांना."

"देऊच," मी म्हणाले.

तो कामावर गेल्यावर मी पेटी उघडली. एक बाटली पट्टीला चिकटली होती. ओढली तर चर्र आवाज झाला. मी ती उजेडात धरली. औषध पाण्यासारखं स्वच्छ दिसत होतं. 'गोठवू नये' असं प्रत्येक खोक्यावर छापलेलं असतं, आणि अठरा वर्षं ते वाचलेली बाई मी. पण पेटी त्याची होती. मी बाटल्या ओळीने फ्रिजमध्ये लावल्या आणि दार बंद केलं.

पहिले दोन दिवस पर्समधली चालू बाटली पुरली. तिसऱ्या दिवशी पेटीतली पहिली फोडली. संध्याकाळी शुगर दोनशे ऐंशी होती.

सहाला कामावरून त्याचा फोन आला. "आज किती?"

"फ्रिज पाच. मी..." मी खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या भिंतीवरून पाणी ओघळत होतं. "मी एकशे तीस."

"शाब्बास!"

त्याच्याशी बोललेलं ते माझं पहिलं खोटं. का बोलले? स्थळवाल्या त्या माउलीचं 'फारच गोड निघाली' आठवलं, काचेपलीकडची आई आठवली, 'आपण दाखवून देऊ' आठवलं. वाटलं, दमणुकीने वाढली असेल, उतरेल. मी मात्रा वाढवली. दुसऱ्या दिवशी तीनशे साठ. दुसरी बाटली फोडली. घसा कोरडा पडत होता, पोटात ढवळत होतं, आणि लग्नाला आठ दिवस होते.

"आज किती?"

"फ्रिज पाच, मी एकशे चाळीस."

"आवाज का असा येतोय?"

"धुक्याचा येतोय. ठेव आता."

पाचव्या दिवशी सकाळी तो कामावर जाताना डोकावला तेव्हा मी मोरीपाशी पडलेली होते. पुढचं मला तुटक तुटक आठवतं. जिना, चांभाराचा घाबरलेला चेहरा, गाडीची धडधड, आणि त्याचा आवाज, "बत्तिशी, डोळे उघड... उघड ना."

शुद्ध आली तेव्हा दोन्ही हातांत नळ्या होत्या. डॉक्टरीण मला समजावं म्हणून हळूहळू बोलत होती. औषध शरीरात जातंय पण काम करत नाहीये. ते कधी गोठलं होतं का?

"शक्यच नाही," माझ्याआधी तोच म्हणाला. "पेटी मी स्वतः बनवलीये. पट्ट्या आमच्या गोदामातल्या..."

मी त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना बघितला. त्या पट्ट्या मासळीच्या होत्या. मासळी दगडासारखी राहावी म्हणून बनवलेल्या. रोज त्यांच्यात वावरणाऱ्या माणसाला थंड म्हणजे तेवढं थंड, एवढंच सुचलं होतं. तो उठला आणि बाहेर गेला.

त्यानंतर तीन दिवस तो येत राहिला. पलंगापासून दूर, दाराजवळच्या खुर्चीत बसायचा. सहा वाजायचे, साडेसहा वाजायचे. तो आकडा विचारायचा नाही. माझे आकडे भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिलेले होते, पण तो तिकडे बघायचाही नाही. नळ्यांचं काही नाही, पण त्या न विचारण्याचा फार त्रास व्हायचा.

चौथ्या दुपारी तो जमिनीकडे बघत म्हणाला, "परवाचं तिकीट काढलंय. तुझ्या आईला कळवलंय."

"कुणाचं तिकीट?"

"तुझं."

"शुक्रवारी लग्न आहे आपलं."

"नाही आहे."

"मला विचारलंस?"

"काय विचारू?" त्याचा आवाज फाटला. "त्यांनी फडकं गुंडाळलं होतं. मी काढायला लावलं. दीड दिवस आणखी गेला असता तर... डॉक्टरीण काय म्हणाली ऐकलंस ना? माझ्या हाताने गेली असतीस तू."

"आणि मी? दोनशे ऐंशी होती तेव्हा एकशे तीस सांगितली. तीनशे साठला एकशे चाळीस. बाटली पट्टीला चिकटलेली बघितली आणि तोंड मिटून बसले. तू एकदा चुकलास, मी रोज खोटं बोलले."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "का?"

"परत पाठवशील म्हणून," मी म्हणाले आणि रडायला लागले. "आणि तेच केलंस."

तो उठला, दोन पावलं पलंगाकडे आला, थांबला, आणि मागे वळून बाहेर गेला. खिडकीवर पाऊस वाजत होता. मला वाटलं, संपलं.

थोड्या वेळाने आईचा फोन आला. मी तयारच होते. 'सांगितलं होतं ना!' हे ऐकायला.

"फडकं काढलंस ना?" आईने विचारलं.

"हो."

मग ती म्हणाली, "तुला आठवतं, आजार झाला त्याच वर्षी तू पुन्हा चार दिवस दवाखान्यात होतीस? शुगर उतरतच नव्हती."

"पुसट आठवतं. ताप आला होता मला."

"ताप नव्हता, बाळा. मी बाटल्या फ्रीजरमध्ये ठेवल्या होत्या. म्हटलं, थंड ठेवायचं ना, मग जास्त थंड जास्त चांगलं. डॉक्टरांनी विचारलं तर मी नाही म्हणून सांगितलं. आजतागायत कुणाला बोलले नाही. तुझ्या बाबांनासुद्धा नाही."

तो 'नको!', ती फडकी, रोजचा तो पहाटेचा हात... अठरा वर्षं मी त्या सगळ्याला खोडी म्हणत आले होते.

"आई..."

"ऐक. माझ्या हातून झालं तेव्हा तुला माझ्यापासून कुणाकडे परत पाठवणार होते? कुठेच नाही. मला तुझ्याजवळ राहूनच शिकावं लागलं." तिचा आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "तू परत यावीस असं मला किती वाटतंय ते तुला सांगून उपयोग नाही. दाराचा कप्पा रिकामा पडलाय, त्यात काय ठेवू तेही सुचत नाही. पण यावरून येऊ नकोस. आता त्याच्याकडे फोन दे."

सलाइनचा दांडा ढकलत मी दारापर्यंत गेले. तो बाहेरच्या बाकावर बसला होता, कोट मांडीवर, डोकं हातांत. मी फोन त्याच्यापुढे धरला.

आई काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. तो "हो काकू" म्हणाला. मग त्याचे खांदे हलायला लागले. शेवटी तो म्हणाला, "हो आई." त्याआधी त्याने तिला आई कधी म्हटलं नव्हतं.

फोन परत देताना त्याने माझा हात सोडला नाही. बोलण्यासारखं बरंच होतं, पण ते बाकावर मावलं नसतं.

शुक्रवारी एका कचेरीत आम्ही चार सह्या केल्या. साक्षीदार म्हणून चांभार आला होता, बुटांना पॉलिश करून. माझ्या अंगावर आईने दिलेला कोट होता आणि तो दोन मापं सैल झाला होता. बाहेर तेच धुकं होतं. आईला फोन लावला तर ती "सुखी राहा" एवढंच म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मला माहीत आहे, त्यानंतर ती स्वयंपाकघरात त्या फ्रिजपुढे जाऊन बसली असेल.

डॉक्टरणीने दिलेली एक बाटली घरी आणली. आता कार्ड येईपर्यंत तेवढ्यावरच भागवायचं होतं. त्याने फ्रिजला हात लावायला नकार दिला. "तूच ठेव," म्हणाला आणि मागे सरकला. मी पर्समधून फडकं काढलं, बाटली गुंडाळली आणि ते गाठोडं त्याच्या हातात दिलं.

"दाराच्या कप्प्यात," मी म्हणाले. "मागे नाही."

त्याने ते दाराच्या कप्प्यात ठेवलं, थर्मामीटर बघितला, दार लावलं, पुन्हा उघडून बघितला.

पहाटे कपाळावर एक हात आला. आईचा मऊ हात नव्हता तो. थंडीने फुटलेला, खरखरीत हात, कुठे ठेवायचा ते न कळून भुवईवर ठेवलेला. मी डोळे मिटूनच पडून राहिले. मग तो कुजबुजला, किती दिवसांनी...

"आज किती?"

मी उठून बोट टोचलं. आकडा चांगला नव्हता. मशीन त्याच्यापुढे धरायच्या आधी मी स्वतःच बोलले.

"दोनशे दहा."

तो 'शाब्बास' म्हणाला नाही. त्याचा चेहराही पडला नाही. त्याने माझ्या खांद्यावरचं पांघरूण वर ओढलं आणि बाटली आणायला उठला.